दहा लक्ष जन्मांची तबकडी

लिहिलेले टिकावे आणि हवे तेव्हा पुसताही यावे, ही माणसाची फार जुनी हाव आहे. आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख दगडात कोरलेला आहे. मराठीतील अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. हजार वर्षे लोटली, दोन्ही नद्यांना किती पूर आले आणि ओसरले, पण अक्षर जागचे हलले नाही. आता त्यातला एखादा शब्द बदलावा असे कोणाच्या मनात आले, तर ते मात्र साधावयाचे नाही. याच्या अगदी उलट टोकाला पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी. लाकडाची एक फळी, तीवर बारीक धूळ पसरलेली. पोराने बोटाने अक्षर काढावे, गुरुजींनी मान डोलवावी, आणि तळहात फिरवून फळी पुन्हा कोरी करावी. दिवसातून शंभर वेळा लिहा, शंभर वेळा पुसा. संध्याकाळी तीवर काय उरले म्हणाल, तर धूळ.

शिळेचा टिकाऊपणा आणि धूळपाटीचे औदार्य एकाच वस्तूत आणण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेला. तो केला जपानने, आणि त्या वस्तूचे नाव मिनीडिस्क. १९९२ साली ती बाजारात आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या कोऱ्या तबकड्या काढण्याचे काम तिच्या जन्मदात्या सोनी कंपनीने थांबविले. आपल्याकडे ती कधी रुजली नाही, त्यामुळे पुष्कळ वाचकांना हे नावही नवे वाटेल. तरीही तिचा इतिहास सांगण्याजोगा आहे.

प्रथम तिच्या आधीच्या पिढीविषयी. आवाज चुंबकात साठविण्याची युक्ती डेन्मार्कच्या पोल्सेन नावाच्या गृहस्थाने १८९८ साली पोलादी तारेवर करून दाखविली. तारेची पुढे फीत झाली, आणि १९६३ साली फिलिप्स कंपनीने ती फीत तळहाताएवढ्या डबीत बसवून जगापुढे ठेवली. हीच आपली कॅसेट. आपल्या मुलखात तिचे राज्य आले ते एकोणीसशे ऐंशीच्या पुढे. सोलापुरासारख्या शहरात 'कॅसेट भरून देणे' हा एक स्वतंत्र धंदा होऊन बसला होता. गिऱ्हाइकाने वहीच्या कागदावर पसंतीची गाणी लिहून न्यावीत, दुकानदाराने दोन दिवसांनी ती एका कॅसेटवर भरून द्यावीत. एका बाजूला अभंग, दुसऱ्या बाजूला चित्रपटगीते. आमच्या बाजूला मराठी आणि कानडी दोन्ही घरात नांदतात, त्यामुळे एकाच फितीवर पंढरीचा विठ्ठल आणि बसवण्णांची वचने शेजारी शेजारी बसलेली असत. नको झाले तर त्याच फितीवर दुसरे भरावे. मुद्दाम सांभाळून ठेवायची असेल ती कॅसेट मागच्या बाजूचे दोन चिमुकले दात मोडून ठेवायची, की मग तीवर काही चढत नसे. पण दात मोडल्याने पडलेल्या त्या भोकांवर कागदाचा चिकट तुकडा लावला, की सारे रान पुन्हा मोकळे.

फितीचे दोष सर्वांना माहीत होते. ती गुंतते, ताणते, घासून झिजते, आणि पाचवे गाणे ऐकावयाचे तर पहिली चार ओलांडीत जावे लागते. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, बाजारात आणली, आणि आवाज आकड्यांत मांडून लेसरच्या किरणाने वाचण्याचे युग सुरू झाले. सीडीवरील किरण कशालाच स्पर्श करीत नाही, तेव्हा झीज नाही. कोणतेही गाणे क्षणात लागते. पण ती शिलालेखाच्या कुळातली. कारखान्यात ठसा उमटला तो उमटला. जगभरचे श्रोते तर कॅसेटमुळे भरण्या-पुसण्याला सोकावलेले. सोनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा हे स्वतः शिकलेले गायक होते, बर्लिनला गाण्याचे शिक्षण घेतलेले. कॅसेटची जागा घेईल अशी तबकडी हवी, ही गरज त्यांच्या कंपनीने अचूक ओळखली.

ही तबकडी कशी चालते, ते समजून घेताना मला विशेष आनंद झाला, कारण या कामात एका शिक्षकाचा वाटा आहे. लोखंड तापविले की एका ठराविक उष्णतेला त्याचे चुंबकत्व नाहीसे होते, हा अभ्यास पिएर क्यूरी याने १८९५ साली मांडला. तो क्यूरी सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्याही आधी, १८७७ मध्ये, जॉन केर नावाच्या स्कॉटिश माणसाने असे दाखवून दिले होते की चुंबकाच्या चकचकीत टोकावरून उजेड परत फिरतो, तेव्हा त्याच्या लहरींचे प्रतल किंचित कलते. हा केर ग्लासगोच्या एका अध्यापक विद्यालयात गणित शिकवीत असे. भावी मास्तरांना गणित शिकवावे आणि उरल्या वेळात, जुजबी साधनांनी, उजेड आणि चुंबक यांची सोयरीक तपासावी, असा त्याचा क्रम होता. या शोधाचा उपयोग काय, असे त्याला कोणी विचारले असते तर तो काय सांगणार होता? शंभराहून अधिक वर्षांनी तोच शोध कोट्यवधी लोकांच्या खिशात गाणे वाजवू लागला.

मिनीडिस्कची तबकडी अवघी ६४ मिलिमीटर व्यासाची; चौकोनी डबीत कायमची बंद, डबीला लहानसे सरकते झाकण. तिच्या पोटात टर्बियम, लोह आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणाचा एक अतिशय पातळ थर असतो. लिहिताना खालून लेसरचा किरण एका सूक्ष्म ठिपक्याला सुमारे १८० अंशांपर्यंत तापवितो. त्या क्षणापुरता तो ठिपका आपले चुंबकत्व विसरतो. वरून एक चिमुकला विद्युत्-चुंबक त्याला सांगतो, उत्तर ध्रुव वर कर, नाहीतर दक्षिण ध्रुव वर कर. ठिपका पुढे सरकतो, निवतो, आणि सांगितलेले धरून बसतो. वाचताना किरण मंद केला जातो. तो तापवीत नाही, फक्त परत फिरतो, आणि केरने सांगितल्याप्रमाणे एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला एका अंशाहूनही कमी कलतो. तेवढा कल यंत्राला पुरतो. पुसावयाचे झाले तर पुन्हा तापवा, पुन्हा सांगा. हे दहा लक्ष वेळा करता येईल, असे कंपनीचे म्हणणे होते. आणि निवलेला ठिपका किती पक्का? सोलापूरचा उन्हाळा ४४ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा घरातली मेणबत्ती वाकते. ह्या तबकडीवरचे अक्षर हलवावयास त्याच्या चौपट उष्णता हवी, आणि शिवाय वर चुंबक हवा.

एवढ्याशा तबकडीवर ७४ मिनिटांचे संगीत मावावे म्हणून आवाजही आटविलेला असे. मोठ्या आवाजाच्या सावलीत जे बारीक नाद आपल्या कानाला मुळी ऐकूच येत नाहीत, ते टाकून द्यावयाचे, आणि सारा मजकूर पाचव्या हिश्शावर आणावयाचा. दूध आटवून बासुंदी करावी तसे हे. तिसरी करामत यंत्रातील स्मरणाची. यंत्र पुढचे काही सेकंद आधीच वाचून ठेवी, त्यामुळे चालताना धक्का बसला तरी गाणे तुटत नसे. सगळ्यांत गोड सोय म्हणजे तबकडीवरची अनुक्रमणिका. एक गाणे दोन ठिकाणी तोडा, दोन जोडा, पाचवे पहिल्या जागी आणा, प्रत्येकाला नाव द्या. गाणी आपल्या जागीच राहतात, बदलते ती फक्त अनुक्रमणिका. हे सारे खिशातल्या यंत्रावर, संगणकाशिवाय. कॅसेट भरून देणारे आमचे दुकानदार हे पाहते तर हरखून गेले असते.

नोव्हेंबर १९९२ मध्ये जपानात पहिले यंत्र विक्रीला आले. त्याच वर्षी फिलिप्सने, म्हणजे सीडीच्या वेळच्या भागीदाराने, फितीचाच एक आकडी अवतार बाजारात उतरविला. दोन भाऊबंद समोरासमोर आले, श्रोते गोंधळले, आणि पुष्कळांनी दोघांनाही दुरून नमस्कार केला. फिलिप्सची ती फीत १९९६ पर्यंत संपली. मिनीडिस्क तरली, कारण जपानात सीडी भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. ती कायद्याने मान्य होती. आठवड्याचे सामान आणावे तशी लोक सीडी भाड्याने आणीत, रात्री घरी मिनीडिस्कवर उतरवीत, आणि सकाळी परत करीत. शाळकरी पोरे रंगीत तबकड्यांची देवघेव करीत. जपानबाहेर, विशेषतः अमेरिकेत, असे दुकान नाही आणि तशी सवयही नाही. पहिले यंत्र तेथे साडेसातशे डॉलरांच्या घरात. हाताशी कॅसेट होती, सीडी होती. तिसऱ्या खोळंब्यात कोण पडतो?

आता या कथेतील खरी गोम. सोनीने जानेवारी १९८८ मध्ये सीबीएस ही अमेरिकेतील थोरली ध्वनिमुद्रण कंपनी २०० कोटी डॉलरांना विकत घेतली होती. म्हणजे गाणे वाजविण्याचे यंत्र करणारा आणि गाणे विकणारा, हे दोघे एकाच घरात राहावयास आले. ही घटना मला फार मोलाची वाटते. यंत्र करणाऱ्याला वाटते, गिऱ्हाइकाने खुशाल भरावे, पुसावे, नकला कराव्या. तेवढी यंत्रे खपतील. गाणे विकणाऱ्याला प्रत्येक नकलेत आपल्या घरची चोरी दिसते. आधीच १९८७ साली आलेल्या आकडी फितीवरून गाण्याच्या कंपन्यांनी मोठे वादळ उठविले होते. अखेरीस १९९२ साली अमेरिकेत कायदा होऊन तडजोड झाली, की आकडी यंत्राने मूळ प्रतीची नक्कल करावी, पण नकलेची नक्कल करू नये. मिनीडिस्क हे बंधन गळ्यात बांधूनच जन्मली.

तोवर ते फारसे टोचले नाही. टोचू लागले ते संगणक घरोघर आल्यावर. १९९५ च्या सुमारास एमपी-३ नावाने आवाज आटविण्याची दुसरी रीत संगणकावर आली. १९९९ साली नॅपस्टरने लोकांना एकमेकांच्या संगणकांतील गाणी घेण्याची वाट दाखविली, आणि जगभरचे तरुण एका रात्रीत चोर ठरले. सोनीने २००१ साली मिनीडिस्क संगणकाला जोडली खरी, पण कशी? संगणकातून तबकडीवर गाणे पाठविता येई, तेही कंपनीच्या स्वतःच्या सांकेतिक वेष्टनात, एका वेळी तीन प्रतींपर्यंत. तबकडीवरून संगणकात मात्र काही आणता येत नसे. विकत घेतलेले गाणे तर राहोच. तुम्ही मायक्रोफोन धरून आपल्या आईचा आवाज भरला असेल, तरी तो आकड्यांच्या रूपात बाहेर काढावयाची मुभा नव्हती. वाजवावयाचा आणि दुसऱ्या यंत्राने ऐकून घ्यावयाचा, म्हणजे एक तासाच्या मुलाखतीला एक तास. दहा लक्ष वेळा पुसण्याचे स्वातंत्र्य देणाऱ्या तबकडीला एकदाही उंबरठा ओलांडता येत नव्हता.

त्याच २००१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या अॅपल कंपनीने आयपॉड आणला. हजार गाणी खिशात, असे तिचे सांगणे होते. मिनीडिस्कचे यंत्र त्याहून हलके, कोऱ्या तबकड्या स्वस्त, आणि ध्वनिमुद्रण करावयाचे तर आयपॉड जवळही फिरकणार नाही. पण संगणकाशी त्याचे भांडण नव्हते. सोनीने २००४ साली एक गिगाबाइटची नवी तबकडी काढली, बंधने हळूहळू सैल केली, आणि २००६ साली असे एक यंत्र काढले की जुन्या तबकड्यांवरील ध्वनीही त्यातून संगणकात घेता यावेत. कुलूप उघडले, तेव्हा घरात राहणारे निघून गेले होते. ते यंत्र शेवटचेच ठरले. सप्टेंबर २०११ मध्ये खिशातील यंत्रांची पाठवणी थांबली. तोवर २ कोटी २० लाखांच्या आसपास यंत्रे खपली होती. मार्च २०१३ मध्ये घरातल्या मोठ्या यंत्रांचीही विक्री संपली. त्यानंतर बारा वर्षे कोऱ्या तबकड्या मात्र निघत राहिल्या, हे जपानी माणसाच्या चिकाटीला शोभण्यासारखे आहे.

आपल्याकडे या साऱ्याची चाहूलही लागली नाही. कॅसेटनंतर दीडशे गाण्यांची एमपी-३ सीडी आली, नंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागले. कागदावरची यादी तीच, गिऱ्हाईक तेच, दुकानदाराचा मुलगा मात्र आता संगणकापुढे. पण मिनीडिस्कचा जो प्रश्न होता तो आपल्याही घरातला आहे, आणि मला त्याची आच आहे ती अशी.

आमच्या कुटुंबात एका लग्नाच्या आधी घाणा भरताना माझ्या आजीने ओव्या म्हटल्या होत्या. काही मराठी, काही कानडी, आणि एकदोन अशा की अर्धी ओळ एकीत, अर्धी दुसरीत. आत्याने टेपरेकॉर्डर जवळ ठेवून दीड तासाची कॅसेट भरली. मागचे दात मोडून ठेवले. पुढे घरातील एका तरुणाने त्या भोकांवर कागद चिकटवून तीवर चित्रपटगीते भरून घेतली. त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. कॅसेट त्यासाठीच तर होती, आणि आजी तेव्हा हयात होती; ओव्या पुन्हा म्हणून घेता येतील असेच सर्वांना वाटले असणार. त्या फितीची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. गाणी चार-सहा मिनिटे आधी संपतात, खट्ट असा आवाज होतो, आणि मग जात्याची घरघर, बांगड्यांची किणकिण, अर्ध्यावर धरलेली एक ओवी, आणि मागे कोणीतरी "हळद कुठंय गं?" असे विचारते. एवढेच उरले आहे. पुसण्याची सोय ज्या साधनात आहे, त्याला हा धोका जन्मतःच असतो. मिनीडिस्कचा धोका निराळा. तीवर ही ओवी भरली असती, तर डबीवरची कळ सरकवून ती सुरक्षित राहिली असती, उन्हाने बिघडली नसती, पण यंत्र मोडल्यावर सुरक्षित असूनही मुकी झाली असती. २००० सालच्या सुमारास जगभर कितीतरी वार्ताहर आणि लोकगीते गोळा करणारे संशोधक याच तबकडीवर आवाज भरीत होते, कारण ती हलकी आणि बिनतक्रार होती. त्या तबकड्या आज कपाटांत आहेत, आणि त्यांच्यावरची चुंबकाक्षरे बहुधा जशीच्या तशी आहेत.

ओव्यांचेच दुसरे उदाहरण देतो. पुण्याचे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या. एकोणीसशे नव्वदनंतर बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकाच्या साहाय्याने त्यांतील शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइतवाँ २००४ साली वारले, हेमाताई २०१० साली. पण तो आवाज एका साधनावर अडून बसला नाही. पुण्याहून तो गुडगावच्या संगीत-संग्रहालयात गेला, संगणकात उतरला, आणि २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या 'पारी' या ग्रामीण संग्रहातून तो ज्याला हवा त्याला ऐकावयास मिळू लागला. मुद्रण ज्या फितींवर झाले त्या उत्तम होत्या की मध्यम, हा प्रश्न आता गौण झाला आहे. नक्कल होत गेली. ज्या बायांनी त्या ओव्या म्हटल्या, त्याही आईकडून नक्कल करूनच शिकल्या होत्या. तेथे कोणी तीन प्रतींची मर्यादा घातली नव्हती.

गाणाऱ्याला, वाजविणाऱ्याला त्याच्या कष्टाचा पैसा मिळू नये, असे मी म्हणत नाही. मीही कादंबऱ्या लिहितो, आणि झेरॉक्सच्या दुकानात आपले पुस्तक पालथे पडलेले पाहून लेखकाला काय वाटते ते मला ठाऊक आहे. परंतु चोराच्या भीतीने सोनीने जी भिंत घातली, तिने चोराचे काही अडले नाही. तो नॅपस्टरच्या वाटेने गेला. अडला तो आईचा आवाज भरणारा.

मिनीडिस्कची एक गंमत अजून शिल्लक आहे. कंपनीने अंग काढून घेतल्यावर देशोदेशींच्या हौशी लोकांनी ती यंत्रे उघडून पाहण्यास सुरुवात केली. त्यांनी संगणकाशी बोलण्याची तिची भाषा उलगडली, स्वतःच्या आज्ञावल्या लिहून विनामूल्य वाटल्या, आणि गेल्या काही वर्षांत २००१ च्या पिढीतल्या, बाहेर काही न देणाऱ्या यंत्रांतूनही ध्वनी काढून घेण्याची वाट शोधली. जपानातील जुन्या बाजारातून अशी यंत्रे आज पुन्हा विकत घेतली जातात. त्यांची मागणी वाढली आहे, भाव चढले आहेत, आणि लेसरचे सुटे भाग मिळेनासे झाले आहेत. फेब्रुवारी २०२५ नंतर सोनीची नवी तबकडी निघत नाही, तेव्हा हे लोक जुन्याच पुसून वापरतात. पुसण्याआधी मात्र ते तबकडीवर काय आहे ते एकदा ऐकून, उतरवून ठेवतात.